खाजणाची माती कांदेवाल्यांचीही आहे

कांद्याला मीठ सोसत नाही. कापूस सोसतो, गहू बऱ्यापैकी सोसतो, बीट तर मजेत वाढतं. कांदा मात्र जरा खार चढला की मान टाकतो. जमिनीतले क्षार विद्युत वाहकतेवर मोजतात. ती मीटरला १.२ डेसिसायमनच्या पुढे गेली की कांद्याचं उत्पादन उतरायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक डेसिसायमनला साधारण १६ टक्क्यांनी घटतं. शेतीच्या पुस्तकांत जमिनीला ‘क्षारयुक्त’ म्हणण्याची रेषा आहे ४ वर. म्हणजे पुस्तक जिला खारी म्हणायला सुरुवात करतं, तिथवर पोचेपर्यंत आपला कांदा निम्म्याला टेकलेला असतो.

लासलगावात बसून हे लिहायचं कारण एवढंच, की निफाड-येवल्याच्या भारी काळ्या जमिनीत असे कोपरे आता ज्याला त्याला ठाऊक आहेत. शेताची सखल बाजू, वरून पाझरणारं पाणी, निचरा नाही. मार्च-एप्रिलात वरंब्यांवर पांढरा पापुद्रा धरतो. तिथे उळे टाकलं तर उगवण विरळ. लावलेलं रोप आठ-आठ दिवस बसून राहतं, पातीचे शेंडे पिवळे पडून वाळतात आणि आपण करपा समजून फवारत राहतो. काढणीला त्या कोपऱ्यातून गोल्टी आणि चिंगळीच निघते. नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांखाली कोपरगाव-राहात्याकडे कित्येक जमिनी अशाच पाणथळ आणि खारवट झाल्या, ते आपल्या मागच्या पिढीने पाहिलं आहे.

आता विहिरीच्या पाण्याचा हिशोब करून पाहा. पाण्याची वाहकता १ असेल, म्हणजे प्यायला फारसं खारट लागणार नाही असं पाणी, तर त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. उन्हाळ कांद्याला सगळ्या पाळ्या मिळून ५० सेंटिमीटर पाणी दिलं, तर एकरी वीस लाख लिटर झालं. त्यातून रानात उतरले सव्वा टन क्षार. पन्नास किलोच्या पंचवीस गोण्या, एका हंगामात. पाऊस चांगला झाला आणि निचरा असला तर धुऊन जातात. नसला तर साठतात.

आपल्याच राज्यात याच्या कितीतरी पट खारी माती आहे आणि तिच्यात भात पिकतो. कसारा घाट उतरून पेण-अलिबागकडे गेलं की खारेपाट लागतो. समुद्राच्या भरतीला बांध घालून, उघाड्यांतून पाणी सोडून-अडवून लोकांनी ही शेती उभी केली. काळा राता, भुरा राता ही तिथली जुनी लाल भातं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खाऱ्या जमिनीसाठी ‘पनवेल’ मालिकेतली वाणं दिली. खाली गोव्यात हीच शेती खाजन म्हणून ओळखली जाते आणि तिथला भात कोरगूट. अलिबागचा नामांकित पांढरा कांदा खारेपाटाच्याच तालुक्यातला, मात्र तो आतल्या गोड जमिनीत होतो, कारण कांदा शेवटी कांदाच. चरी गावचा शेतकऱ्यांचा संपही याच मातीतला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं लोकांनी खोताची जमीन कसली नाही, उपासमार सोसली.

राता भाताची सोशिकता त्याच्या बियाण्यात आहे, हे खरं. पण रोप मातीत एकटं उभं नसतं. त्याच्या मुळांना चिकटलेल्या मातीत, चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि खाऱ्या जागी पिढ्यान् पिढ्या राहिलेले जिवाणू मिठाशी जमवून घेतलेले असतात. तमिळनाडूतल्या पिचावरमच्या कांदळवनात पोर्टेरेशिया नावाचा रानभात भरती-ओहोटीच्या चिखलात उगवतो. त्याच्या मुळांपाशी सापडलेला एक जिवाणू २००४ साली शास्त्रज्ञांनी नव्या प्रजातीचा म्हणून नोंदवला. हा जिवाणू खाऱ्या मातीत राहून हवेतला नत्र बांधतो आणि अडकून बसलेला स्फुरद मोकळा करतो. डॉ. स्वामिनाथन यांच्या नावावरून त्याचं नाव स्वामिनाथानिया सॅलिटॉलरन्स ठेवलं. तो सापडला कारण पिचावरमचा चिखल जागेवर होता.

हे जिवाणू नेमकं करतात काय, ते शेतकऱ्याने समजून घ्यायला हवं. मातीत खार वाढला की रोप मुळांत इथिलीन वायू तयार करतं. तो प्रमाणाबाहेर गेला की मुळांची वाढ थांबते. काही जिवाणूंकडे एसीसी डीअमायनेज नावाचं विकर असतं. इथिलीनचा कच्चा मालच ते मुळांतून ओढून घेतात आणि फोडतात. त्यातला नत्र त्यांच्या पोटात जातो आणि रोपाची मुळं चालू राहतात. दुसरे काही जिवाणू स्वतःभोवती बुळबुळीत शर्करेचा थर काढतात. तो सोडियमला धरून ठेवतो आणि मातीचे कण एकमेकांना बांधतो. चोपण जमिनीत पाणी घातलं की चिखल होतो आणि वाळला की दगड, हा त्रास ज्याने भोगलाय त्याला कण बांधले जाण्याची किंमत सांगायला नको.

कर्नालची केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्था १९६९ पासून या कामात आहे. तिच्या लखनौ केंद्राने खार सोसणाऱ्या जिवाणूंपासून हॅलो-अॅझो, हॅलो-पीएसबी अशी द्रवरूप जैविक खतं तयार केली. म्हणजे ही गोष्ट प्रयोगशाळेच्या काचेआड राहिलेली नाही, बाटलीत येऊन पोचली आहे. पण उत्तर प्रदेशातल्या मातीतले जिवाणू निफाडच्या काळ्या जमिनीत तसेच टिकतील, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नवख्या मातीत गेलेला जिवाणू तिथल्या मूळच्या जिवाणूंशी अन्नासाठी झगडतो आणि बहुतेक वेळा हरतो. म्हणून एखाद्या दुकानात ‘समुद्री जिवाणू, खारी जमीन एका हंगामात गोड’ असं पाकीट दिसलं तर विकत घेऊ नका. २००६ पासून जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी असायला हव्यात, आणि बाटली उन्हात पडून राहिली की त्यातल्या किती उरतील ते तुम्हीच ओळखा. निचरा, शेणखत, ताग-धैंचा, जिप्सम यांना जिवाणू पर्याय नाहीत. ते जोडीला हवेत. आणि जोडीला योग्य जिवाणू मिळायचा असेल तर निवड करायला भरपूर माल हवा. तो माल आपल्या जवळ, आपल्याच हवामानात कोकणच्या खाजणात, कांदळवनात आणि मिठागरांत आहे.

शेतीच्या पलीकडे याचा पसारा किती मोठा आहे, हेही सांगायला हवं. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाच्या मिठागरात हॅलोमोनस इलाँगाटा नावाचा जिवाणू सापडला. त्याची नोंद १९८० सालची. मिठाचा मारा सोसण्यासाठी असे जिवाणू पेशीत एक्टोइन नावाचा पदार्थ साठवतात. तो पदार्थ १९८५ मध्ये ओळखला गेला. जर्मनीत त्यावर कारखानदारी उभी राहिली. जिवाणू खाऱ्या पाण्यात वाढवायचे आणि एकदम कमी खाऱ्या पाण्यात सोडायचे, की ते साठवलेलं एक्टोइन बाहेर टाकतात. तेच जिवाणू पुन्हा खाऱ्या पाण्यात घातले की पुन्हा साठवतात. आज त्वचेच्या मलमांत आणि डोळ्यांच्या थेंबांत हे एक्टोइन आहे. एका मिठागराच्या पाण्यातून एवढं निघालं.

आपल्याकडच्या मेंढपाळांच्या औषधांत आयव्हरमेक्टिन असतं, गोचीड आणि जंतांवरचं. त्याचा मूळ जिवाणू जपानच्या समुद्रकाठी, कावाना इथे गोल्फच्या मैदानालगतच्या मातीत सापडला. सातोशी ओमुरा जिथे जातील तिथली चमचाभर माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत, त्यातलीच ती एक पिशवी. या औषधाने कोट्यवधी माणसांचे डोळे वाचले आणि २०१५ मध्ये ओमुरांना नोबेल मिळालं. आणि फार लांब कशाला जायचं, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक औषध काढलं. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. महाराष्ट्राच्या मातीने औषध दिल्याचं हे घरचं उदाहरण आपल्या किती शाळांत सांगितलं जातं?

आता कुणी म्हणेल, जिवाणूच हवेत ना, मग नमुने काढून ठेवा प्रयोगशाळेत. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे. तिथे शीतपेटीत जिवाणू वर्षानुवर्षं टिकतात. या संस्थांचं काम मोलाचं आहे आणि त्यांना अधिक पैसा मिळायला हवा. पण मातीतल्या जिवाणूंपैकी फार थोडे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतात. उरलेल्यांना काय खायला हवं, कुणाची संगत हवी, हेच अजून उमगलेलं नाही. जो बशीत वाढत नाही तो शीतपेटीत जपता येत नाही. त्याची जागा एकच, त्याचा चिखल.

आणि तो चिखल जवळून पाहण्यासारखा असतो. ओहोटीला खाडीकाठी फावड्याने एक उभा काप घेतला तर वर तपकिरी पातळ साल दिसते, एक-दोन मिलिमीटरची. हवेवर आणि उजेडावर जगणारे जीव तिथे असतात. त्याखाली राखाडी थर. आणखी बोटभर खाली गेलं की माती काळी कुळकुळीत होते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तिथे हवा नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास चालवतात आणि त्यातून तो वासाचा वायू सुटतो, लोखंडाला मिळून मातीला काळा रंग देतो. त्या काळ्या मातीतून खेकड्याचं बीळ गेलेलं असेल तर बिळाच्या कडेने तांबूस गंजाची रेघ दिसते. तिवराच्या श्वसनमुळाभोवतीही तशीच. खेकडा आणि मूळ खाली हवा पोचवतात, तिथे तिसऱ्याच जातीचे जीव वस्ती करतात. एका फावड्यात अशी चार-पाच गावं. त्यावर चार फूट मुरूम पडला की भरती यायची थांबते, खेकडा जातो, थर एकमेकांत मिसळतात आणि हवेविना राहणारे, हवेवर जगणारे, दोघेही संपतात. झाड तोडलं तर निदान खुंट दिसतो. इथे काहीच दिसत नाही. सपाट, कोरडी, ‘विकासयोग्य’ जमीन तेवढी दिसते.

म्हणून ही हाक आहे.

कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडायला बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात, कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग आहे, असं स्पष्ट म्हटलं आणि भोवती पन्नास मीटरची राखीव पट्टी सांगितली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर भरलं, त्याआधीच्या अहवालांपेक्षा जास्त. हे यश लढून मिळालेलं आहे. पण कायद्याचा डोळा झाडावर आहे. झाडापुढची उघडी चिखलवट, मागची खाजणं, बाजूची मिठागरं ओसाडच समजली जातात. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत ‘जैविकदृष्ट्या क्रियाशील’ चिखलवटीला सर्वांत कडक संरक्षण आहे. मग ती क्रियाशील आहे हे दाखवायचं कुणी? भराव टाकणारा तर म्हणणारच की इथे काही नाही. चिखलात काय राहतं याची नोंद आपल्या हाती नसेल तर कायद्यातला तो शब्द कागदावरच राहतो.

नोंदीची जागाही कायद्याने दिली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवांचं नाव आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. या नोंदवहीत सहसा झाडं येतात, पक्षी, मासे, औषधी मुळ्या येतात. माती येत नाही. पेण, अलिबाग, उरण, पालघर, गुहागर, मालवण, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने आपल्या नोंदवहीत खाजणाची, मिठागराची, चिखलवटीची पानं घालावीत: कोणतं खाजण, कुठवर भरती येते, कोणतं भात होतं, पाण्याचा खारटपणा किती, मातीचा थर कसा. महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी त्यात जिवाणूंची भर घालावी. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. दरवर्षी त्याच त्या दह्याच्या आणि नळाच्या पाण्याच्या तपासण्या करण्यापेक्षा एकेका वर्गाने एकेक खाजण दत्तक घ्यावं. उद्या त्या मातीतून एखादं विकर किंवा खत बाजारात आलं, तर लाभातला वाटा गावाला देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. पण नोंदच नसेल तर वाटा मागणार कशाच्या जोरावर?

आणि खारेपाटातल्या शेतकऱ्याला बाजूला ठेवून हे होणार नाही. उधाणाला बांध फुटला आणि वेळेत दुरुस्त झाला नाही की भाताच्या रानात समुद्र शिरतो, एकदा शिरला की वर्षानुवर्षं पीक नाही. कंटाळून माणूस जमीन विकतो, आणि घेणाऱ्याला भात लावायचा नसतो. बाहेरकाठ्याची, म्हणजे समुद्राकडच्या बांधाची, वेळेवर दुरुस्ती, उघाड्यांची डागडुजी, राता भाताला बरा भाव, ही माती वाचवण्याचीच कामं आहेत. खारभूमी विकासाचा पैसा तिथे लागलाच पाहिजे, अशी मागणी किनाऱ्याबरोबर आपणही करायला हवी.

आपण का, याचं उत्तर आपल्या कंटेनरवर लिहिलेलं आहे. लासलगावचा कांदा न्हावा-शेव्याहून परदेशी जातो. ते बंदर १९८९ मध्ये उरणच्या खाडीकाठी सुरू झालं आणि त्याच्या आजूबाजूला चिखलवटी, मिठागरं, पाणथळी एकामागून एक भरावाखाली गेल्या. आता वाढवणचं बंदर येत आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली, खर्च ७६ हजार २२० कोटी, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. निर्यात वाढावी, बंदरं चांगली असावीत, हे मला पूर्ण मान्य आहे. कांदा उकिरड्यावर फेकायची वेळ आलेल्यांपैकीच आपण आहोत. पण ज्या मालाच्या नावाने भराव टाकले जातात, तो माल पिकवणाऱ्यांनी एक अट घातली तर ती ऐकावी लागेल: आहे त्या बंदराची क्षमता आधी पुरती वापरा, रस्ते आणि गोदामं चिखलवटीवर नकोत, आणि भरावाच्या प्रत्येक प्रस्तावात मातीतल्या जिवांची तपासणी आधी झालेली असावी. १९४७ पासून चालत आलेल्या आपल्या बाजार समितीने असा ठराव केला, तर मच्छीमारांच्या आणि भातवाल्यांच्या आवाजाला घाटावरच्या शेतकऱ्याचं बळ मिळेल. आजवर ते दिलेलं नाही.

राहुरी आणि दापोली या दोन कृषी विद्यापीठांकडेही एक मागणं आहे. एकाकडे खारट होत चाललेल्या काळ्या जमिनी आहेत, दुसऱ्याकडे खार पचवणारी माती. दोघांनी मिळून कोकणच्या खाजणातले जिवाणू गोळा करावेत, निफाड-कोपरगावच्या खारवट रानात कांद्यावर तपासावेत, तीन-चार हंगाम, शेतकऱ्यांच्या वावरात, आणि जो निकाल येईल तो, जमला नाही तर जमला नाही असाही, छापावा. आपल्याच पांढऱ्या पडलेल्या कोपऱ्यांतले जिवाणूही त्यात असू द्यावेत. ते तिथे खार सोसून राहिलेच आहेत, आणि त्यांना काळी जमीन नवखी नाही. लोणारचं उदाहरण समोर आहे. २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव शोधले. सरोवर शाबूत होतं म्हणून शोधता आले.

हे वाचून कुणाला हात हलवावासा वाटला तर कामं अगदी जवळची आहेत. या उन्हाळ्यात कांदा निघाल्यावर रानातल्या पांढऱ्या कोपऱ्याची माती वेगळी आणि चांगल्या भागाची वेगळी, अशा दोन पिशव्या माती परीक्षणाला द्या, विहिरीचं पाणीही द्या, आणि वाहकतेचा आकडा मागून घ्या. १ मेच्या ग्रामसभेत जैवविविधता नोंदवही मागा. तिच्यात मातीचं पान नसेल तर घालायला लावा. बाजार समितीच्या संचालकांपुढे ठरावाचा मसुदा ठेवा, तो लिहून द्यायला मी आणि इथले काही शिक्षक तयार आहोत. कोकणात नातेवाईक असतील, मुंबईला मुलगा असेल, तर खाडीत भरावाचा ट्रक दिसल्याबरोबर तारीख, वेळ, जागा यांसह फोटो काढून कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार करायला सांगा, आणि पोच घ्यायला सांगा.